शून्य टक्के आणि वहीतली गहाळ पानं

माझी पुतणी अकरावीला नांदेडला आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला माझी खोड कळली. मी कशाचेही टक्के सांगतो. दुपारी लाईट जाणार का, लोह्याची एसटी वेळेवर निघणार का, बायकोनं घाईघाईत केलेल्या वरणात मीठ असणार का. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून शिकवून जडलेली ही सवय. बायको तिला भोचकपणा म्हणते. पुतणीला मात्र त्यात गंमत सापडली. सकाळी दूध तापत ठेवलं की स्वयंपाकघरातून हाक यायची, "काका, उतू जायचे किती टक्के?" मी पेपरातून डोकं न काढता सांगायचो, "तू तिथं उभी असशील तर दहा. हातात फोन असेल तर नव्वद." दूध बहुतेक वेळा उतू जायचं, आणि बायको दोघांनाही बोलायची.

ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा लोहा तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती बघतो, मी शिकून नोकरीला लागलो. पोरगी दादासारखीच काटक आणि दादासारखीच हट्टी. कॉलेजात आली आणि सरळ बेसबॉलच्या मैदानावर गेली. आमच्याकडे बेसबॉल म्हटलं की पाहुणे विचारतात, तो अमेरिकेतला का? पण नांदेड-लातूरकडच्या शाळा-कॉलेजांतल्या पोरी हा खेळ कित्येक वर्षं खेळत आल्या आहेत. मुरमाचं मैदान, पोत्यात भुसा भरून शिवलेले बेस, आधीच्या कितीतरी पोरींच्या घामानं काळी पडलेली हेल्मेटं. एकीनं चेंडू फेकायचा, दुसरीनं तो टोलवायचा आणि चार बेस पळून परत घरी यायचं, की झाली एक धाव. तिघी बाद झाल्या की पाळी दुसऱ्या संघाची. आमचे सामने पाच डावांचे. नियम मला एवढेच कळतात, आणि एवढ्या भांडवलावर मी पुढं जे केलं त्याची आजही लाज वाटते.

कॉलेजचे खेळाचे सर निवृत्तीला आलेले, अंगानं आडवे, आवाजानं मोठे आणि मनानं लोण्यासारखे. पुतणी संघात पिचर झाली, म्हणजे चेंडू फेकणारी, आणि टोलवण्यातही तीच सगळ्यांत तयार निघाली. मग सरांनी मलाही सोडलं नाही. "तुम्ही आकड्यांतला माणूस. तेवढी वही धरत जा," म्हणाले. वही म्हणजे लांब रजिस्टर. प्रत्येक सामन्याला एक पान, प्रत्येक पोरीला एक ओळ, प्रत्येक डावाला एक चौकोन. सरांच्या कपाटात अशी अकरा रजिस्टरं होती, सगळी हिरव्या शाईत, कोपऱ्यात स्वतः घातलेले पान क्रमांक. इतकी वर्षं कुणी हात न लावलेली माहिती बघून माझी नियत फिरली. दिवाळीच्या सुट्टीत अकराही वह्या मी घरी आणल्या.

त्यातून मी एक तक्ता केला. कितवा डाव चालू आहे, आपण किती धावांनी पुढे किंवा मागे आहोत, आणि अशी पाळी पूर्वी किती वेळा आली, त्यातून किती वेळा जिंकलो. बस्स, इतकंच. डोक्याला फार ताण नाही. कॉम्प्युटरवर छापून, कॉलेजसमोरच्या दुकानात लॅमिनेट करून तो मी सरांच्या हातात दिला, तेव्हा सरांनी तो देवाच्या फोटोसारखा दोन्ही हातांनी घेतला. पहिल्या दोन-तीन सामन्यांत तक्त्यानं सांगितलं तसंच घडलं. पोरी मैदानातून ओरडून विचारायला लागल्या, "सर, आता किती?" मी बाकावरून आकडा सांगायचो. पन्नाशीच्या माणसाला एवढं महत्त्व मिळालं की तो बिघडतो. मी बिघडलो.

एक गोष्ट मात्र मला वह्या उलटतानाच दिसली होती. मधली काही पानं नव्हती. अकरा वह्यांत मिळून चौदा पान क्रमांक गायब. फाडल्याच्या खुणा शिलाईपाशी स्पष्ट होत्या. पोरींनी चिठ्ठ्या लिहायला फाडली असतील, असं म्हणून मी तक्त्याखाली बारीक अक्षरात 'चौदा पाने गहाळ' असं टाकलं आणि पुढं गेलो. दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला सांगतो, जी माहिती हाती आली नाही ती का आली नाही, हे आधी विचारा. मी कुणालाच विचारलं नाही.

पुतणी बारावीत गेली तेव्हा दादा नांदेडला आला. जेवताना म्हणाला, "हिला बारावी झाली की लातूरला धाडायची. नीटच्या क्लासला. आमच्या गावचे दोन पोरं डाक्टर झालेत तिथं शिकून."

पुतणीनं ताटातली भाकरी तशीच ठेवली. "मला खेळाची मॅडम व्हायचंय, अप्पा. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजला जायचंय."

"खेळाची मॅडम! पोरांला शिट्ट्या मारायला येवढं शिकायचं?"

वाद बराच चालला. बायकोनं मध्ये दोनदा ताक वाढलं. शेवटी बोली झाली. यंदाचं तिचं शेवटचं वर्ष. संघ राज्याच्या स्पर्धेला गेला तर दादा तिचं ऐकेल. नाही गेला तर तिनं तोंडातून शब्द न काढता लातूर गाठायचं. "बोली म्हंजे बोली," दादा म्हणाला. तो शब्दाचा इतका पक्का आहे की सोयाबीनचा सौदा तोंडी ठरला आणि दुसऱ्या दिवशी भाव चढला तरी फिरत नाही. पुतणीलाही ते माहीत होतं. त्या दिवसापासून ती पहाटे कॉलेजच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून चेंडू मारायला लागली.

जिल्ह्यात आमचा संघ सहज जिंकला. विभागाचा शेवटचा सामना लातूरला, लातूरच्याच पोरींशी. विभागातून राज्याला एकच संघ जातो. भाड्याच्या दोन जीप करून आम्ही गेलो. काही पोरींचे आईबापही मागून आले होते, डबे घेऊन.

सामना सुरुवातीपासून घसरला. आमच्या पोरींनी दोन सोपे चेंडू सोडले आणि चौथ्या डावापर्यंत गोष्ट हाताबाहेर गेली. पाचव्या डावात लातूरची पाळी संपली तेव्हा आम्ही चार धावांनी मागं होतो, आणि आमची शेवटची पाळी उरली होती. पुतणी बाकाच्या टोकाला बसून हेल्मेटचा पट्टा आवळत होती. या पाळीत तिचा नंबर लागणार होता.

सर माझ्याकडे वळले. "काय म्हणतो तक्ता?"

मी बोट फिरवलं. "शेवटचा डाव, चार किंवा जास्त धावांनी मागं. सव्वीस वेळा अशी पाळी आली सर. एकदाही जिंकलो नाही."

"म्हणजे किती?"

"शून्य."

सरांनी कपाळ खाजवलं. "पण मला वाटून राहिलं, एकदा ती मुखेडची पोरगी होती तेव्हा आपण..."

"सर, वाटणं वेगळं," मी त्यांचं बोलणं तोडलं. "वहीत नाही ते मैदानात कुठून येणार?"

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

 सरांनी बाकावरच्या राखीव पोरींकडे बघितलं. वर्षभर पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या, बेसची पोती उचलणाऱ्या तीन पोरी, ज्यांना एकाही मोठ्या सामन्यात बॅट धरायला मिळाली नव्हती. तिघींचे आईबाप कुंपणापाशी उभे होते. "सामना तर गेलाच," सर म्हणाले. "मग या लेकरांना तरी खेळू देऊ." त्यांनी तीन नावं एकदमच पंचांकडे दिली. त्यातलं एक पुतणीच्या जागी होतं. या खेळात एकदा बाहेर गेलेली खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही.

पुतणी माझ्याकडे आली. "काका, सरांना सांगा ना. मला खेळू द्या. माझा नंबर येईल."

"अगं, शून्य आहे," मी म्हणालो. "उगाच जीव काढून काय होणार?"

 तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आपल्या जागी जाणाऱ्या अकरावीच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलं आणि तिचा पट्टा स्वतः आवळून दिला.

पुढं जे झालं ते मी माझ्याच हातानं वहीत लिहिलं आहे. लातूरची पिचर दमली होती, तिचे चेंडू भरकटायला लागले. चार चेंडू भरकटले की पहिला बेस फुकट मिळतो, तशी आमची पहिली राखीव पोरगी काहीही न करता पहिल्या बेसवर गेली. दुसरीनं डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू थेट कुंपणाला लागला. दोघी बाद झाल्या, पण धावा यायला लागल्या. एक, दोन, तीन. कुंपणाबाहेरच्या बाया ओरडत होत्या. आता फक्त एक धाव कमी, दोन पोरी बेसवर, आणि नंबर माझ्या पुतणीचा. तिच्या जागी ती अकरावीची पोरगी उभी राहिली.  तीन चेंडू आले, तीनदा बॅट हवेत फिरली, म्हणजे तिसरी बाद. आम्ही एका धावेनं हरलो.

रडणाऱ्या त्या पोरीला पुतणीनंच जवळ घेतलं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. 

घरी ती नीट वागायची. काकूला कामात हात लावायची, मला चहा आणून द्यायची. फक्त दूध तापायला लागलं की गपचूप गॅसपाशी उभी राहायची. तिनं मला पुन्हा कशाचेच टक्के विचारले नाहीत. दूधही उतू जाईना. माझ्या जिवाला ते किती लागलं हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला न सांगता कळलं असावं, कारण त्या महिन्यात तिनं मला भोचक म्हटलं नाही.

हिवाळ्यात विद्यापीठाच्या परीक्षेच्या कामावर मला मुखेडला पाठवलं. तिथल्या ग्रंथपालांनी एक दिवस घरी जेवायला नेलं. त्यांची बायको झेडपीच्या शाळेत शिकवते. आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी निघाली. मी हात धुऊन वळलो आणि समोरच्या भिंतीवर, लग्नाच्या फोटोशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये एक कागद दिसला. रजिस्टरचं पान. हिरवी शाई. कोपऱ्यात पान क्रमांक. गहाळ चौदांतला तो क्रमांक मला पाठ होता.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"सरांनी दिलंय," ती मोठ्या अभिमानानं म्हणाली. "शेवटच्या डावात चार धावांनी मागं होतो सर आम्ही. सगळ्यांनी आशा सोडली होती. दोन धावा कशाबशा आल्या, मग मी दोघींना घरी आणलं आणि स्वतः पण आले. आमच्या सरांची पद्धतच होती ना, हातातून गेलेला सामना जी ओढून आणील, ते पान तिचं. वहीतून फाडून द्यायचे. माझ्या मागच्या पुढच्या लई पोरींकडं हायेत अशी पानं."

मी खुर्चीवर बसलो. तिला वाटलं मला चक्कर आली, तिनं पंखा लावला. सरांनी आपल्या वह्यांतून नेमके तेच सामने काढून वाटून टाकले होते, ज्यांत आम्ही हरता हरता जिंकलो. मागं उरलेल्या पानांवरून मी तक्ता केला आणि छातीठोकपणे शून्य सांगितलं. सर मुखेडच्या पोरीचं नाव काढत होते तेव्हा मी त्यांना गप्प केलं. त्या दुपारी मला स्वतःचा जितका राग आला तितका आयुष्यात कधी कुणाचा आला नव्हता.

सरांना भेटलो तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "पानं मी फाडलेली, त्यानं तुमचा आकडा बिघडेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही हो. आठवत होतं मला, झालं होतं म्हणून. पण म्हटलं, एवढा शिकलेला माणूस कॉम्प्युटरवर काढून सांगून राहिला, तर आपलंच काहीतरी चुकत असेल."

मग मी जुन्या पोरींचे पत्ते घेतले आणि रविवारी हिंडायला लागलो. कुणी लोह्याला नांदत होती, कुणी चाकूरला, एक पोलिसात होती. पानं कपाटांत, गाद्यांखाली, सर्टिफिकेटांच्या फायलींत निघाली. एकीनं तर लॉकरमधून काढून दाखवलं. चौदापैकी नऊ सापडली, मी त्यांचे फोटो घेतले. त्यांतल्या दोन सामन्यांत शेवटच्या डावात चार किंवा जास्त धावांची पिछाडी होती. बाकीच्यांत एवढी वाईट पाळी नव्हती. राहिलेल्या पाच पानांत काय आहे देव जाणे.

मी हे सगळं पुतणीपुढं ठेवलं. तिनं एकेक फोटो मोठा करून बघितला.

"मग आता किती येतं?"

"अठ्ठावीस वेळांत दोनदा. शंभरात सात."

"म्हणजे कमीच."

"कमीच."

"पण तुम्ही तेव्हा सात म्हणाला असतात, तर सरांनी मला काढलं असतं?"

सर सात टक्क्यांसाठी नऊच्या नऊ पोरींना पळायला लावणारा माणूस. "नाही," मी म्हणालो.

तेव्हा ती रडली. सामना हरली त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो आणि चुकलो म्हणालो. तिनं मान हलवली.

पुढच्या रविवारी मी एकटाच गावी गेलो. दादा गोठ्यात होता. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. तक्ता काय असतो तेही सांगितलं, पानं कशी गेली तेही.

"म्हंजे जे तू पोरांला शिकवितो, तेच तुला येत न्हाई?" त्यानं विचारलं.

"तसंच म्हण."

"आन् माझ्या पोरीला बाहेर तू बसिवलं."

"हो दादा."

तो खाली बसला आणि कडब्याच्या पेंढीची गाठ सोडत राहिला. मला तो रागावतोय की विचार करतोय कळेना. मी म्हणालो, "दादा, मला काय बोलायचं ते बोल. पण तिला लातूरला पाठवू नको. ती बोली हरलेली नाही."

"राज्याला गेली का ती?"

"नाही."

"मग?" त्यानं पेंढी बैलापुढं टाकली, हात झटकले. "पर बोली तिच्या खेळण्यावर झाली होती. शेवटाला तिला खेळूच दिलं न्हाई, तर हरली म्हणायचं कुणाला? अशी बोली मी धरीत न्हाई. भर म्हणावं तिला काय फॉर्म भरायचा त्यो." घराकडे चालताना तो थांबला. "आन् तू पोरीच्या वाट्याला शून्य टाकलंस हे आपल्या आईला सांगू नको. जेवू घालायची न्हाई तुला."

बारावीची परीक्षा झाल्यावर पुतणी आणि मी सरांच्या घरी गेलो. प्रवेशाच्या फॉर्मला जोडायचं शिफारसपत्र हवं होतं. सरांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं, हिरव्या शाईत. ते हातात देण्याआधी त्यांनी कपाटातून यंदाची वही काढली, लातूरच्या सामन्याचं पान उघडलं आणि शिलाईपाशी बोट लावलं.

"हे पान तू घेऊन जा बेटा," ते म्हणाले. "जिंकलेलीलाच देत आलो आजपर्यंत. पण हे माझ्या वहीत नको. मला बघवत नाही."

 एकही नोंद गाळायची नाही असं वर्गात ओरडून सांगणारा मी, ते पान फाडलं जावं म्हणून मनातून वाट बघत होतो.

पुतणीनं पानावर तळहात ठेवला. "फाडू नका सर. तुमच्या फाडण्यापायीच माझं हेल्मेट गेलं." सर आधी दचकले आणि मग इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ती माझ्याकडे वळली. "काका, अठ्ठाविसाचे एकोणतीस करा."

मी तिथंच पिशवीतून तक्ता काढला आणि पेनानं एकोणतीस केले. सातातला थोडासा भाग कमी झाला. तिनं तो आकडा नीट बघितला आणि वही मिटून सरांच्या कपाटात ठेवली.

दारात चपला घालताना रस्त्यावरचे दिवे गेले. ती अंधारात माझा हात धरून पायरी उतरली आणि लातूरनंतर पहिल्यांदाच तिनं विचारलं, "काका, घरी जाईपर्यंत लाईट यायचे किती टक्के?"

"आधी वाटेत कुणाला तरी विचारू, इथं लाईट गेली की कधी येते," मी म्हणालो, "मग सांगतो."